रस्ता एक, देश दोन : सीमाभागातल्या कायद्यांच्या अडचणी

पैलतीर

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. परवा एक पत्र आलं आणि मग राहवलं नाही.

मी नेदरलँड्समधल्या केर्कराडेत राहते. घरापासून दहा मिनिटं चाललं की एक रस्ता लागतो. डच लोक त्याला निउवस्ट्राट म्हणतात, जर्मन लोक नॉयस्ट्रासे. दोन्हीचा अर्थ एकच, नवा रस्ता. देशाची सीमा या रस्त्याच्या मधोमध जाते. अलीकडची घरं केर्कराडेची, पलीकडची जर्मनीतल्या हेर्त्सोगेनराटची. पूर्वी मधे कुंपण होतं, मग बुटकी भिंत आली, आणि १९९० च्या दशकात तीही काढली. आता तिथे उभं राहिलं तर सीमा कुठे आहे ते पटकन कळत नाही. जरा निरखून पाहिलं तर अलीकडे नारिंगी टपालपेटी आणि पलीकडे पिवळी दिसते, तेवढीच खूण. समोरच्या घरी पत्र पाठवायचं तर तिकीट मात्र परदेशाचं लावायचं.

या दोन गावांनी एकत्र यायचा खरोखर प्रयत्न केलाय, हे आधी सांगते. जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्यात १९९१ मध्ये एक करार झाला. त्यामुळे सीमेपलीकडच्या नगरपालिकांना मिळून सार्वजनिक संस्था काढता येऊ लागली. त्याचाच आधार घेऊन १९९८ मध्ये केर्कराडे आणि हेर्त्सोगेनराट यांनी 'युरोड' स्थापन केलं. म्हणजे इथे इच्छा नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

आता माझी गोष्ट. माझा नवरा पलीकडे, जर्मनीत नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी मी इकडे आठवड्याचे तीन दिवस काम धरलं. तोवर मुलीचा बालभत्ता जर्मनीकडून यायचा. मी कामाला लागले आणि नियम बदलला. आई एका देशात आणि बाप दुसऱ्या देशात नोकरी करत असेल, तर मूल जिथे राहतं त्या देशाने आधी द्यायचं. दुसऱ्या देशाची रक्कम जास्त असेल तर त्याने वरचा फरक द्यायचा. ऐकायला अगदी रास्त आहे. पण जर्मनी दरमहा देते, नेदरलँड्स तिमाहीला. जर्मनीत सगळ्या मुलांना एकच रक्कम (२०२५ मध्ये २५५ युरो), इकडे ती वयाप्रमाणे बदलते. फरक काढायचा तर एका कार्यालयाला दुसऱ्याचा निर्णय कागदावर हवा. मी एकाकडे गेले, ते म्हणाले आधी त्यांचं पत्र आणा. त्यांच्याकडे गेले, तेही तेच म्हणाले. सात महिने कुणीच काही दिलं नाही. परवाच्या पत्रात मागच्या वर्षीचाच दाखला नव्या तारखेचा मागितलाय.

दोन्हीकडच्या बाई अतिशय सौजन्याने बोलल्या. एकीने तर स्वतःचा थेट फोन नंबर दिला. कुणी अडवणूक केली असं मी म्हणूच शकत नाही, आणि तेच मला सलतंय. दोन्ही कायदे आपापल्या घरात शहाणे आहेत. ते जिथे एकमेकांना भिडतात ती फट कुणाच्याच टेबलावर येत नाही.

युरोपीय संघाच्या अंतर्गत सीमांलगतच्या प्रदेशांत साधारण १५ कोटी लोक राहतात. संघाचं ४० टक्के क्षेत्रफळ याच प्रदेशांत येतं. इथे लिहिणाऱ्यांपैकी कुणी अशा भागात असेल तर अनुभव सांगा. आणि यावर काय करता येतं, कोण काय करतंय, हेही.

---

शिरीष७

चांगला धागा. एक भाबडा प्रश्न. शेंगेन करारामुळे सीमा उठल्याच ना? मग हे सगळं उरलं कसं?

---

पैलतीर

@शिरीष७, प्रश्न भाबडा नाही, मीही इथे येताना हेच धरून आले होते. शेंगेनने नाक्यावरची तपासणी उठवली. कर, सामाजिक विमा, शाळा, आरोग्य, बांधकामाचे नियम, पोलिसांची हद्द हे सगळं ज्या त्या देशाकडेच राहिलं. माणूस मोकळा झाला, त्याची फाइल झाली नाही.

आणि नाकेही पूर्ण गेलेत असं नाही. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. २०२० च्या साथीत तर इटलीतलं गोरिझिया आणि स्लोव्हेनियातलं नोवा गोरित्सा यांच्यामधल्या सामाईक चौकात कुंपण उभं राहिलं होतं. लोक कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून बोलायचे. तीच दोन शहरं २०२५ मध्ये मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

---

मोझेलकाठ

मी फ्रान्सच्या बाजूला, थिऑनव्हिलजवळ राहतो आणि कामाला लक्झेंबर्गला जातो. माझ्यासारखे दोन लाखांहून अधिक लोक रोज फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून तिथे जातात. लक्झेंबर्गमधल्या नोकरदारांपैकी जवळजवळ निम्मे असे बाहेरून येणारे आहेत.

माझा त्रास घरून काम करण्याचा. माझ्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे आणि त्यावर दोन रंगांच्या खुणा आहेत. हिरवी खूण कराची. वर्षात लक्झेंबर्गबाहेर ३४ दिवसांपर्यंत काम केलं तर सगळा कर लक्झेंबर्गलाच. पस्तिसावा दिवस उजाडला की लक्झेंबर्गबाहेर केलेल्या सगळ्या दिवसांचा कर पहिल्या दिवसापासून फ्रान्सकडे. निळी खूण सामाजिक विम्याची. तिथे हिशोब दिवसांचा नाही, प्रमाणाचा. एरवी राहत्या देशात २५ टक्के काम झालं की विमा तिकडे सरकतो. १ जुलै २०२३ च्या चौकट करारामुळे, सही करणाऱ्या देशांमध्ये, दूरस्थ काम निम्म्याच्या आत असेल तर विमा नोकरीच्या देशातच ठेवता येतो. पण त्यासाठी मालकाने वेगळा अर्ज करायला हवा.

म्हणजे विम्याचा करार सांगतो आठवड्यातले दोन दिवस खुशाल घरून काम कर. कराचा करार सांगतो महिन्याला तीन दिवसांच्या आतच बरं. एका माणसाच्या एका नोकरीला दोन मोजपट्ट्या. मुलीला ताप आला आणि मी घरी थांबलो तर आधी कॅलेंडरकडे जातो, मग थर्मामीटरकडे. हे मला स्वतःलाच आवडत नाही.

एक मात्र सांगायला हवं, गोष्टी हलतात. पूर्वी बेल्जियममधून येणाऱ्यांना २४ दिवस होते, फ्रान्समधून येणाऱ्यांना २९, जर्मनीतून येणाऱ्यांना १९. शेजारी शेजारी बसणाऱ्या तिघांना तीन वेगळ्या मर्यादा. बेल्जियमशी २०२२ पासून, आमच्यासाठी २०२३ पासून आणि जर्मनीशी २०२४ पासून सगळ्यांचे ३४ झाले. कुणीतरी चिकाटीने बोलत राहिलं म्हणूनच झाले.

---

अनघा_प

वाचतेय. कॅलेंडरचं वाचून पोटात कालवलं.

---

रूळ आणि स्लीपर

मी वाहतूक नियोजनातला माणूस, म्हणून माझ्या बाजूने लिहितो.

स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलला जाते. एप्रिल २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि पुढच्या वर्षी केलच्या नगरभवनापर्यंत वाढली. नदीवर ट्रामसाठी नवा पूल बांधला. लोकांना पूल दिसतो. खरी डोकेफोड पुलावर नव्हती. फ्रान्समध्ये ट्रामच्या सुरक्षिततेचा एक नियमसंच, जर्मनीत दुसरा. ब्रेक कसे असावेत, दिवे कसे असावेत, सिग्नल कुठला, चालकाला परवाना कोणाचा, तिकीट न काढणाऱ्याला दंड कोणत्या कायद्याने. गाडी नदीच्या मध्यावर थांबून नियम बदलून घेऊ शकत नाही. जो डबा तिथे जातो तो दोन्ही देशांच्या नियमांत बसवावा लागतो.

याच धर्तीच्या अनुभवांवरून लक्झेंबर्गने २०१५ मध्ये, संघाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असताना, एक कल्पना मांडली. एखाद्या सामाईक कामापुरता, ठरलेल्या पट्ट्यापुरता, शेजारच्या देशाचा नियम आपल्याकडे लागू करता यावा. मे २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने तिचा रीतसर प्रस्ताव केला. सदस्य देशांच्या परिषदेत तो अडला आणि २०२१ मध्ये काम थांबलं. सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय संसदेने पुन्हा जोर लावला, डिसेंबरमध्ये आयोगाने सुधारलेला प्रस्ताव आणला, आणि मे २०२५ मध्ये त्याचा कायदा झाला. विनियम २०२५/९२५. त्याला 'ब्रिजफॉरईयू' म्हणतात.

पण दहा वर्षांत त्यातला गाभा निघून गेला, असं मला वाटतं. शेजारचा नियम लागू करण्याची तरतूद सक्तीची राहिली नाही. उरलं ते एवढं: देशांनी हवं तर सीमापार समन्वय केंद्र नेमावं, ज्याला अडथळा जाणवतो त्याने त्याची फाइल त्या केंद्राकडे द्यावी, केंद्राने ती तपासावी आणि देणाऱ्याला कळवावं. अडथळा दूर करायचा की नाही हे देशाच्या हातात. केंद्र नेमायचं की नाही हेही.

---

उंबरठा

मी कायद्याचा अभ्यासक आहे, आणि गाभा निघाला याचं मला वाईट वाटत नाही. का ते सांगतो.

माझ्या गावात शेजारच्या देशाचा नियम लागू झाला. उद्या त्या नियमामुळे माझं नुकसान झालं तर मी कोणाला मत देऊन तो बदलू? तो नियम करणाऱ्या संसदेत माझा प्रतिनिधी नाही. अपघात झाला तर कोणतं न्यायालय, कोणत्या भाषेत, कोणत्या कायद्याचा अर्थ लावणार? निरीक्षक कोणाचा? २०१८ च्या प्रस्तावाला देशांनी खळखळ केली ती केवळ अहंकारापायी नव्हती. कायदा आणि मतदार यांचं नातं तुटतं ही खरी भीती होती.

सीमाभागातल्या लोकांचा त्रास मला मान्य आहे. पण त्यांचा त्रास कमी करताना त्यांच्या हातातलं मत हलकं होऊ नये.

---

रूळ आणि स्लीपर

@उंबरठा, मुद्दा रास्त आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. पण आज काय होतं ते पाहा. केलच्या माणसाचं मत ट्रामच्या बाबतीत आजही हलकंच आहे. नियम राजधानीत ठरतात, आणि राजधानीपासून सीमा नेहमीच लांब. तिथे नियम लिहिताना कुणाच्या डोळ्यांसमोर नदीपलीकडचा माणूस येत नाही.

मधला मार्ग आहे. फ्रान्स आणि जर्मनीने जानेवारी २०१९ मध्ये आखेनला करार केला. त्यात सीमाभागासाठी वेगळ्या कायदेशीर तरतुदी करायची, गरज पडली तर अपवादही करायची वाट ठेवलीय, आणि एक सीमापार सहकार्य समिती नेमलीय. अपवाद करायचा तो ज्या त्या देशाने आपल्या घटनेच्या चौकटीत राहूनच. म्हणजे मत देणारा आणि कायदा करणारा यांचं नातं शाबूत राहतं.

---

उंबरठा

हे मला चालेल. अपवाद छोटा हवा, लेखी हवा, आणि कोणी दिला ते माहीत हवं.

---

स्टेथो

मी डॉक्टर आहे, काही वर्षं फ्रान्स-बेल्जियम सीमेजवळ काम केलंय. पण आधी पायरेनीजमधल्या सेर्दान्याबद्दल सांगतो, कारण मला हे उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं.

डोंगरातलं उंच पठार. १६५९ च्या पायरेनीजच्या तहाने त्याचे दोन तुकडे झाले, अर्धं फ्रान्सकडे, अर्धं स्पेनकडे. दरी एकच, बर्फ एकच. फ्रेंच बाजूच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयासाठी पेर्पिन्याँला जावं लागे, सुमारे १०० किलोमीटर घाटरस्त्याने. हिवाळ्यात बाळंतपणासाठी हा रस्ता म्हणजे काय हे ज्यांनी घाटात रुग्णवाहिका पाहिलीय त्यांना सांगायला नको. मग स्पॅनिश बाजूच्या पुइग्सेर्दामध्ये दोघांनी मिळून एक रुग्णालय बांधलं. खर्चाचा वाटा स्पेनमधल्या कॅतलोनिया प्रांताचा ६० टक्के, फ्रान्सचा ४० टक्के. सप्टेंबर २०१४ मध्ये ते सुरू झालं. त्याचं व्यवस्थापन ज्या कायदेशीर चौकटीत आहे ती युरोपीय संघाने २००६ मध्ये तयार केली, प्रादेशिक सहकार्याचा युरोपीय गट अशी. दोन देशांच्या संस्थांनी मिळून एकच कायदेशीर देह धारण करायचा.

इमारत उभी राहिली आणि मग प्रश्न बाहेर यायला लागले. डॉक्टर फ्रान्समधून आला तर त्याची नोंदणी स्पेनमध्येही हवी. फ्रेंच आईने इथे जन्म दिला की बाळ परदेशात जन्मलेलं. नोंद स्पॅनिश दप्तरात, मग वकिलातीचा उंबरा. आई घरापासून काही मैलांवर बाळंत झालेली असते.

सगळ्यात जड प्रसंग मृत्यूचा. फ्रेंच बाजूचे आजोबा तिथे गेले तर त्यांना घरी न्यायचं म्हणजे आंतरराष्ट्रीय शववाहतूक. त्यासाठीचे करार १९३७ आणि १९७३ चे. बंद धातूची पेटी, परवाने, खर्च. एका दरीतल्या एका गावातून शेजारच्या गावात नेण्यासाठी. माझा एक सहकारी तिथे काम करायचा. तो सांगायचा की मरणाची बातमी सांगताना त्याचा आवाज कापत नसे, पण पुढे कोणते कागद लागतील हे सांगताना कापायचा. पुढे दोन देशांनी शववाहतुकीसाठी वेगळा करार केला.

रुग्णवाहिकेचंही असंच. गाडीत मॉर्फिनसारखी औषधं असतात. सीमा ओलांडली की कागदावर ती नियंत्रित औषधांची निर्यात होते. डॉक्टरचा परवाना, विमा, सायरन वाजवायचा हक्क, सगळंच प्रश्नचिन्हाखाली. फ्रान्स आणि बेल्जियमने २००५ मध्ये आरोग्य सहकार्याचा करार केला, तो २०११ मध्ये लागू झाला. त्यांच्या सीमेवर ठरावीक पट्टे आहेत जिथला रुग्ण आधी मंजुरी न घेता पलीकडच्या रुग्णालयात जाऊ शकतो. मी तिथेच काम करत होतो. रात्री दोन वाजता छातीत दुखणारा माणूस येतो, त्याचं कार्ड दुसऱ्या देशाचं असतं, आणि स्वागतकक्षातली मुलगी ते कार्ड यंत्रात घालते आणि चालतं. इतकंच. हे 'इतकंच' घडायला पन्नास एक माणसं वर्षानुवर्षं बैठका घेत होती.

---

अनघा_प

स्टेथो, आजोबांचं वाचून थांबले थोडा वेळ. असे प्रसंग लिहीत जा.

माझी भर छोटी. स्ट्रासबुर्गच्या त्याच ट्रामच्या वाटेवर, ऱ्हाइनच्या फ्रेंच काठाला, एक पाळणाघर आहे. २०१४ पासून तिथे दोन्हीकडची मुलं एकत्र असतात आणि दोन्ही भाषा ऐकतात. फ्रान्समध्ये २०१८ पासून जन्मलेल्या बाळांना ११ लसी सक्तीच्या झाल्या, जर्मनीत २०२० पासून फक्त गोवरासाठी सक्ती आहे. म्हणजे केलच्या आईने आपल्या देशाचं सगळं वेळेवर केलं तरी तिच्या बाळाचं लसकार्ड नदीपलीकडे अपुरं. मला दोन्ही धोरणांत काही गैर दिसत नाही. पैलतीरने वर लिहिलेली फट ती हीच.

---

रूळ आणि स्लीपर

अग्निशमन दलाचंही सांगतो. जर्मन नळीच्या जोडणीची एक जात, फ्रेंच नळीची दुसरी. मदतीला धावून आलेल्या बंबाची नळी शेजारच्या नळाला बसत नाही. मधे जोडतुकडा लागतो आणि तो गाडीत आधीपासून असावा लागतो. कायद्याचंही तसंच आहे. जोडतुकडा आग लागल्यावर बनवता येत नाही.

---

उत्तरध्रुव

उत्तरेकडचं लिहिते. मी स्वीडनच्या हापारांडात दोन वर्षं होते. नदीपलीकडे फिनलंडचं टोर्निओ. दोन्ही शहरं एकमेकांत मिसळलेली, पण घड्याळात एक तासाचा फरक. "पाच वाजता भेटू" म्हटलं की पुढचा प्रश्न "कोणाच्या पाच?" सांडपाण्याचं शुद्धीकरण केंद्र दोघांचं मिळून एकच आहे. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. पाइप टाकायला जागा एकच, नदी एकच, मग केंद्र दोन कशाला?

नॉर्डिक देशांनी एक गोष्ट फार पद्धतशीर केलीय. २०१४ पासून त्यांची एक मुक्त संचार परिषद आहे. सगळे ज्ञात अडथळे एका उघड यादीत नोंदवतात, कोणता सुटला, कोणता अडलाय, कोणाकडे अडलाय, सगळं दिसतं. दरवर्षी त्यातले काही सोडवायचे असं ठरवून परिषद सरकारांच्या मागे लागते. माझ्या मते जोर त्या यादीत आहे. अडथळ्याला नाव आणि क्रमांक मिळाला की तो "एका बाईची तक्रार" राहत नाही.

---

शिरीष७

मग बाकी युरोपात अशी यादी का नाही?

---

उंबरठा

अगदीच नाही असं नाही. २०१८ पासून युरोपीय सीमा प्रदेशांची संघटना आयोगाच्या मदतीने 'बी-सोल्यूशन्स' उपक्रम चालवते. नगरपालिका, विद्यापीठ, रुग्णालय अशा संस्थांनी आपला अडथळा कळवायचा, कायद्याचा जाणकार तो तपासून लेखी सांगतो की अडचण नेमकी कोणत्या कलमात आहे आणि वाट कोणती. अनेकदा निघतं असं की कायदा अडवतच नव्हता, कुणीतरी तो तसा वाचत होतं.

आणि पैलतीर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला वाटतं तुमची वाट वेगळी आहे. 'ब्रिजफॉरईयू' तुमच्या कामाचं नाही. ते सीमापार पायाभूत सोयी आणि सार्वजनिक सेवांसाठी आहे, ट्राम, रुग्णालय, पाणी असं. शिवाय संघाचा कायदा जिथे मोडला जातोय ती प्रकरणं त्यातून मुद्दाम बाहेर ठेवलीत. तुमच्या बालभत्त्याला संघाचा कायदा आधीच आहे. सामाजिक सुरक्षा समन्वयाचा विनियम ८८३/२००४, आणि तो अमलात कसा आणायचा ते सांगणारा ९८७/२००९.

या दुसऱ्याचं कलम ६० काढून वाचा. ज्या कार्यालयाकडे अर्ज आला त्याला वाटलं की आधी देण्याची जबाबदारी दुसऱ्या देशाची, तर त्याने विलंब न लावता तसा तात्पुरता निर्णय घ्यायचा, अर्ज स्वतः तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचं. दुसऱ्या कार्यालयाने दोन महिन्यांत आपलं म्हणणं सांगायचं. नाही सांगितलं तर तात्पुरता निर्णय लागू होतो आणि त्याने पैसे द्यायचे. अर्जाची तारीख पहिलीच धरायची. तुम्हाला पत्रं घेऊन इकडून तिकडे जायला सांगणंच चूक होतं.

---

पैलतीर

@उंबरठा, मी हे चार वेळा वाचलं. सात महिने मी जे करत होते ते माझं कामच नव्हतं?

मी वर लिहिलं की चूक कुणाचीच नाही. ते आता मागे घेते. ट्रामच्या, शववाहतुकीच्या, लसींच्या बाबतीत कायद्यातच फट आहे. माझ्या बाबतीत कायद्याने फट बुजवून ठेवली होती आणि ते कुणी मला सांगितलं नाही. त्या दोघींनाही ते माहीत नसावं, कारण सांगता आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. माझ्यासारख्या घराघरांत जाऊन विचारलं तर दोन्ही प्रकार निघतील आणि आम्हाला ते वेगळे करता येणार नाहीत.

---

उंबरठा

म्हणूनच माहिती देणारी केंद्रं महत्त्वाची. तुमच्या भागात ग्रेन्सइन्फोपुंट आहे, सल्ला फुकट मिळतो, कर आणि विमा दोन्हींवर. तिथून पत्राचा मसुदा तपासून घ्या. तरीही कार्यालयं हलली नाहीत तर सोल्व्हिट. २००२ पासून प्रत्येक देशात त्याचं केंद्र आहे. संघाच्या कायद्याची अंमलबजावणी दुसऱ्या देशाचं प्रशासन चुकवत असेल तर ते दोन देशांच्या केंद्रांतून बोलून सोडवतात, पैसे लागत नाहीत. मात्र कोर्टाची मुदत त्यामुळे थांबत नाही, तेवढं लक्षात ठेवा आणि दोन्ही निर्णयांवरच्या अपिलाच्या तारखा लिहून ठेवा.

---

मोझेलकाठ

कलम ६० मीही छापून ठेवतो, शेजारच्या दोन घरांत हाच घोळ चालू आहे.

आणि एक आकडा जाता जाता. २०१७ मध्ये आयोगाने सीमाभागांवर अहवाल काढला. त्यात अंदाज होता की असे कायदेशीर आणि कार्यालयीन अडथळे नुसते २० टक्के जरी कमी झाले तरी सीमाभागांचं उत्पन्न २ टक्क्यांनी वाढेल आणि दहा लाखांहून अधिक रोजगार निर्माण होतील. मला अर्थशास्त्र फार कळत नाही. पण माझ्या आगगाडीच्या डब्यात रोज सकाळी बसणारी माणसं पाहिली की त्यातला एक जण परवान्याच्या कागदासाठी अर्धा दिवस रजेवर असतोच.

---

पैलतीर

ताजी खबर. सल्ला केंद्रात जाऊन आले. तिथल्या गृहस्थांनी माझी फाइल उघडली, पहिल्या अर्जाची तारीख पेन्सिलने अधोरेखित केली आणि म्हणाले, इथून मोजायचं. दोन पत्रं तयार केली, एक डचमध्ये, एक जर्मनमध्ये. दोन्हीत तेच कलम, तीच तारीख, एकमेकांच्या पत्राची प्रत जोडलेली. दोन महिने उलटल्यावर काय करायचं तेही त्यांनी लिहून दिलं.

संध्याकाळी मुलीला घेऊन निउवस्ट्राटला गेले. जर्मन तिकिटं नवऱ्याने कामावरून येताना आणली होती. एक पत्र अलीकडच्या नारिंगी पेटीत टाकलं, रस्ता ओलांडला, दुसरं पलीकडच्या पिवळ्या पेटीत. दोन्हीकडे देशातल्या देशातलंच तिकीट लागलं. उत्तर आलं की इथेच लिहीन.